फुगा की स्टेंट? आधी अप्पांचं रक्त तपासा

प्रश्न

सोलापूरच्या बाळीवेस भागातल्या चौतीस वर्षांच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वडील, म्हणजे अप्पा, ६३ वर्षांचे. टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची (साच्यांची) देखभाल करणारे, म्हणून त्यांनी उभं आयुष्य काढलं. बारा वर्षांपासून मधुमेह आहे. २०१९ मध्ये हार्ट अटॅक आला तेव्हा हृदयाच्या डाव्या बाजूच्या पुढच्या मोठ्या नळीत (एलएडी) स्टेंट, म्हणजे नळी उघडी धरणारी जाळी, बसवला. यंदा संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर (मिरवणुकीतल्या मानाच्या काठ्यांबरोबर) चालताना छातीवर दाब आला म्हणून ते निम्म्यातून परत फिरले, पण घरी बोलले नाहीत. आता जिना चढताना किंवा जेवून लगेच चालायला लागलं की छाती भरून येते, आणि थांबलं की चार-पाच मिनिटांत ओसरते. अँजिओग्राफीत जुना स्टेंट मोकळा आहे, मात्र त्याच नळीच्या 'डायगोनल' नावाच्या शाखेत ८० टक्के ब्लॉकेज निघालं. शाखेची रुंदी सव्वादोन मिलीमीटर. हृदयाचं पंपिंग ५५ टक्के, म्हणजे चांगलं. कार्डिओलॉजिस्ट म्हणाले, "इथं औषधाचा बलून (औषध लावलेला फुगा) करू, स्टेंट नको. घाई नाही, दोन आठवडे विचार करा."

पुण्यातला भाऊ म्हणतो, फुगा ही चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट, पैशाकडे बघू नका, इम्पोर्टेड स्टेंट टाका. आई म्हणते, अंगात आणखी लोखंड नको. काका म्हणतात, ८० टक्के म्हणजे कधीही काहीही होईल, उद्याच ॲडमिट करा. अप्पांना मात्र 'किरकोळ आहे' एवढंच सांगितलंय. पत्राच्या शेवटी भगिनी लिहितात, "त्यांना मूळव्याधीचा त्रास आहे, अधूनमधून रक्त जातं, अशक्तपणा असतो, पण ते जुनंच आहे. फुगा करावा की स्टेंट? उद्या काही झालं तर मुलीनं स्वस्तात उरकलं असं कुणी म्हणू नये."

उत्तर

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मूळव्याधीच्या त्या वाक्यावर थांबले. तुमच्या घरात फुगा आणि स्टेंट यावरून एवढी चर्चा झाली, त्यात त्या वाक्याकडे कुणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

अप्पांचं हिमोग्लोबिन किती आहे? तुम्ही अँजिओचा रिपोर्ट इतका नीट उतरवून पाठवलात, त्यात हा आकडा नाही. अँजिओच्या आधी रक्त तपासलंच असणार, म्हणजे फाईलमध्ये कुठंतरी तो कागद असेल. आज संध्याकाळी शोधा. हृदयाला ऑक्सिजन पोचवण्याचं काम हिमोग्लोबिन करतं. ते कमी पडलं की तेवढाच ऑक्सिजन शरीराला पुरवायला हृदयाला जास्त वेगानं धडधडावं लागतं, म्हणजे त्याची स्वतःची गरज वाढते. इकडे अरुंद झालेल्या शाखेतून रक्त आधीच कमी येतंय आणि जे येतंय त्यात ऑक्सिजनही कमी. तेराचं हिमोग्लोबिन नऊवर आलं तर एरवी गप्प राहिली असती अशी शाखासुद्धा जिना चढताना तक्रार करते. माझ्या प्रॅक्टिसमध्ये असे पेशंट होते की रक्त भरून निघालं आणि छातीवरचा दाब निम्म्याहून कमी झाला. अप्पांचं ब्लॉकेज खोटं आहे असं मी म्हणत नाही. ते आहेच. पण त्रासातला किती वाटा त्या शाखेचा आणि किती रक्ताच्या कमतरतेचा, हे कळल्याशिवाय तुम्ही निर्णयाला बसू नये असं मला मनापासून वाटतं.

दुसरं, 'मूळव्याध आहे, जुनंच आहे' हे कुणी ठरवलं? साठी ओलांडलेल्या माणसाच्या शौचातून रक्त जात असेल तर एकदा पोटविकाराच्या डॉक्टरांकडून किंवा सर्जनकडून दुर्बिणीची तपासणी व्हायलाच हवी. मूळव्याधच निघेल, बहुतेकदा तीच निघते. पण आतड्यातली गाठ याच पडद्याआड वाढते. शिवाय अप्पा २०१९ पासून ॲस्पिरिन घेत असणार. ॲस्पिरिननं जठरात जखम होऊन थोडं थोडं रक्त झिरपू शकतं आणि तेव्हा शौच डांबरासारखी काळी होते. त्यांना विचारा. पुरुष माणसं हे आपणहून सांगत नाहीत, गड्ड्यातला दाबही त्यांनी सांगितला नव्हता. मात्र रक्त जातंय म्हणून ॲस्पिरिन स्वतःच्या मनानं बंद करू नका. स्टेंट असलेल्या माणसानं ती गोळी डॉक्टरांना न विचारता सोडणं फार धोक्याचं आहे.

आता याचा तुमच्या प्रश्नाशी संबंध बघा. फुगा करा नाहीतर स्टेंट बसवा, नंतर काही काळ रक्ताची गुठळी न होऊ देणाऱ्या दोन गोळ्या एकत्र द्याव्या लागतात, ॲस्पिरिन आणि जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा त्याच जातीची दुसरी. अप्पांसारख्या, म्हणजे अटॅक चालू नसलेल्या पेशंटला औषधी (औषध लावलेल्या) स्टेंटनंतर ही जोडी साधारण सहा महिने चालते. रक्तस्रावाचा धोका असेल तर ती एक ते तीन महिन्यांवर आणता येते, पण ते तुमच्या डॉक्टरांनी तोलून ठरवायचं. औषधाचा बलून केला आणि स्टेंट ठेवावा लागला नाही तर साधारण चार आठवडे पुरतात. ज्याचं रक्त आधीच जातंय त्याच्यासाठी चार आठवडे आणि सहा महिने यात किती अंतर आहे ते सांगायला नको. तुमच्या डॉक्टरांनी बलून सुचवला त्यामागे हेही कारण असू शकेल. मात्र मूळव्याधीचं तुम्ही त्यांना सांगितलंय का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही.

आता तुमच्या भावाचं म्हणणं. ते अर्धं खरं आहे.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये आंद्रेयास ग्रुन्त्सिग या डॉक्टरांनी ३८ वर्षांच्या एका माणसाच्या हृदयाच्या नळीत पहिल्यांदा फुगा फुगवला. पहिले फुगे त्यांनी घरी, स्वयंपाकघराच्या टेबलावर बनवले होते. दहा वर्षांनी तपासलं तेव्हाही त्या माणसाची नळी उघडीच होती. सगळ्यांचं नशीब मात्र असं नव्हतं. फुगा काढला की काहींची नळी रबरासारखी परत आकसायची, काहींच्या नळीचं अस्तर फाटून ती ऑपरेशनच्या टेबलावरच बंद व्हायची आणि पेशंटला धावतपळत बायपासला न्यावं लागायचं. आणि सहा महिन्यांत दर तिघांतल्या जवळजवळ एकाची नळी पुन्हा अरुंद व्हायची. मी सोलापुरात दवाखाना सुरू केला तेव्हा आम्ही अशा पेशंटना रात्रीच्या गाडीनं पुण्या-मुंबईला धाडायचो आणि ते फुगा करून आले की सहा महिने आम्हीच धास्तीत असायचो.

म्हणून जाळी, म्हणजे स्टेंट, आली. १९८६ मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये माणसाच्या हृदयनळीत पहिले स्टेंट बसले. नुसता फुगा आणि फुग्यावर स्टेंट यांची समोरासमोर तुलना करणारे दोन मोठे अभ्यास १९९४ मध्ये छापून आले. त्यातल्या बेनेस्टेंटमध्ये नळी पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण फुग्यात ३२ टक्के होतं, ते स्टेंटमध्ये २२ वर आलं. पुढे २००२-०३ पासून जाळीलाच औषध लावलेले स्टेंट बाजारात आले. ते औषध वण वाढू देत नाही, त्यामुळे हे प्रमाण आणखी पुष्कळ खाली आलं. तेव्हा नुसत्या फुग्याच्या तुलनेत स्टेंट सरस, हे भावाचं म्हणणं बरोबर आहे.

पण तुमचे डॉक्टर तो फुगा म्हणतच नाहीयेत. ते औषधाचा बलून म्हणतात, आणि ही चाळीस वर्षांपूर्वीची वस्तू नाही. जे औषध जाळीवर लावतात त्याच प्रकारचं औषध इथं फुग्याच्या कातडीवर लावलेलं असतं. आधी साध्या फुग्यानं नळी नीट मोकळी करतात, मग हा फुगा अर्धा ते एक मिनिट भिंतीला दाबून धरतात, औषध भिंतीत उतरतं आणि फुगा बाहेर काढतात. मागं काही राहत नाही. २००६ मध्ये जर्मन डॉक्टरांनी जुन्या स्टेंटमध्ये पुन्हा आलेल्या ब्लॉकेजवर हा उपाय चांगला चालतो असं दाखवलं आणि तिथून त्याचा वापर वाढला.

एक गैरसमज मी दवाखान्यात नेहमी ऐकलाय, तो इथंच दूर करते. फुगा वेगळा आणि स्टेंट वेगळा असं लोकांना वाटतं. स्टेंटही फुग्यावर चढवूनच आत नेतात आणि फुगा फुगवूनच उघडतात. फुगा दोन्हींत आहे. फरक एवढाच की काम झाल्यावर मागं जाळी ठेवायची की नाही.

हा निर्णय नळीच्या रुंदीवर फार अवलंबून असतो आणि इथं अप्पांची सव्वादोन मिलीमीटरची शाखा महत्त्वाची ठरते. साडेतीन मिलीमीटरच्या मोठ्या नळीत जाळीच्या आतून चौफेर पाव मिलीमीटर वण वाढला तरी तीन मिलीमीटर वाट राहते. सव्वादोनच्या शाखेत तेवढाच वण वाढला की पावणेदोनच उरते. लहान नळीत जाळी स्वतःच जागा अडवते. २०१८ मध्ये बास्केट-स्मॉल २ नावाचा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. तीन मिलीमीटरपेक्षा लहान नळ्यांचे ७५८ पेशंट, निम्म्यांना औषधी बलून आणि निम्म्यांना औषधी स्टेंट. वर्षभरात हृदयविकारानं मृत्यू, अटॅक किंवा तीच नळी पुन्हा उघडावी लागणं हे सगळं मिळून बलूनमध्ये ७.५ टक्के आणि स्टेंटमध्ये ७.३ टक्के भरलं. म्हणजे लहान नळीत बलून स्टेंटच्या बरोबरीला उतरला.

भावाला हे सांगाल तेव्हा दुसरी बाजूही सांगा. २०२४ मध्ये चीनमधला एक मोठा अभ्यास आला, २२७२ पेशंटचा. त्यात नळी लहान असो की मोठी, सरसकट बलून विरुद्ध स्टेंट अशी तुलना होती. दोन वर्षांत बलूनच्या गटात ६.४ टक्के लोकांना असा त्रास झाला, स्टेंटच्या गटात ३.४ टक्के. हा फरक मुख्यतः मोठ्या नळ्यांत दिसला, लहान नळ्यांत जवळजवळ बरोबरी राहिली. म्हणून हे वाचणाऱ्या इतरांनाही सांगते, 'शेजारच्याला बलून केला, आम्हालाही तोच करा' असा हट्ट धरू नका. मोठ्या मुख्य नळीत पहिल्यांदा आलेलं ब्लॉकेज असेल तर आज तरी औषधी स्टेंटच पहिला. हार्ट अटॅक चालू असताना तर ही चर्चा करायला वेळही नसतो आणि तिथंही बहुतेकदा स्टेंटच बसतो. जुन्या स्टेंटच्या आतच पुन्हा अडथळा आला असेल तर दोन्ही वाटा आहेत. दुसरा स्टेंट टिकायला थोडा सरस, पण जाळीत जाळी होते. बलूननं ते टळतं. आणि मधुमेह असून दोन-तीन नळ्या खराब असतील तर फुगा आणि स्टेंट दोन्ही बाजूला ठेवून बायपासबद्दल विचारलंच पाहिजे, कारण अशा पेशंटना बायपासनं जास्त आयुष्य मिळतं हे २०१२ च्या फ्रीडम अभ्यासात स्पष्ट दिसलं. अप्पांची एकच शाखा आहे, म्हणून तो प्रश्न आज नाही.

तुमच्या डॉक्टरांना एक गोष्ट मुद्दाम विचारा. ब्लॉकेज शाखेच्या अगदी तोंडाशी आहे की थोडं पुढे? तोंडाशी असेल आणि तिथं जाळी ठेवली तर तिची कड मुख्य नळीत, जुन्या स्टेंटजवळ येऊ शकते आणि काम किचकट होतं. अशा वेळी बलून आणखी सोयीचा ठरतो. आणि दुसरं, बलून ठरवून आत गेल्यावर अस्तर जास्त फाटलं, नळी परत आकसली किंवा रक्ताचा प्रवाह मंदावला तर डॉक्टर तिथल्या तिथं स्टेंट बसवतात. त्या चिनी अभ्यासात बलूनच्या गटातल्या दहांपैकी साधारण एकाला असा स्टेंट लागला. हे आधीच घरात सगळ्यांना सांगून ठेवा. नाहीतर अप्पा बाहेर आल्यावर आई विचारेल, "लोखंड नको म्हटलं होतं ना?" आणि त्या माऊलीला वाटेल आपल्याला फसवलं. तसं झालं तर ते अप्पांच्या जिवासाठी केलेलं असेल.

आईच्या बोलण्याला घरात कुणी हसलं असेल तर ते बरोबर नाही. आजचा स्टेंट बहुधा कोबाल्ट-क्रोमियमचा असतो, गंजत नाही, एमआरआयलाही अडचण येत नाही आणि काही महिन्यांत नळीचं अस्तर त्याच्यावर चढतं. ही भीती त्यांची घालवा. पण अंगात काही उरू नये ही त्यांची इच्छा आज मोठमोठ्या डॉक्टरांच्याही मनात आहे. स्टेंटच्या जागी पहिल्या वर्षानंतरही दरवर्षी साधारण दोन टक्के लोकांना काहीतरी त्रास होत राहतो, कारण ती जागा कायमची ताठ होते. औषधाचा बलून निघाला तो याच विचारातून.

आता काकांचं '८० टक्के'. या आकड्यानं आपल्याकडे किती घरांची झोप उडवलीय! ८० टक्के ब्लॉकेज म्हणजे अटॅकची शक्यता ८० टक्के असा अर्थ नाही. बऱ्याच अटॅकमध्ये चाळीस-पन्नास टक्के अडथळ्याचा मऊ थर फुटतो, त्याच्यावर गुठळी बसते आणि नळी बंद होते. चालताना येणारा, थांबल्यावर ओसरणारा आणि आठवड्यामागून आठवडे तसाच राहणारा दाब हा स्थिर आजार आहे. अशा आजारात अँजिओप्लास्टीनं, म्हणजे फुगा किंवा स्टेंटनं, आयुष्य वाढतं का, हे २००७ च्या करेज अभ्यासात आणि नंतर ५१७९ पेशंटच्या इस्केमिया अभ्यासात बघितलं गेलं. इस्केमिया २०२० मध्ये छापून आला. चांगल्या गोळ्या चालू असतील तर मृत्यू किंवा अटॅक त्यामुळे कमी झाले नाहीत. ज्यांना छातीचा त्रास होता त्यांचा त्रास मात्र कमी झाला. डाव्या मूळ नळीचा आजार, फार कमी पंपिंग किंवा नुकताच अटॅक आलेले पेशंट या अभ्यासांत नव्हते. पण अप्पांचं पंपिंग ५५ आहे आणि ब्लॉकेज शाखेत आहे, म्हणजे ते या चौकटीत बसतात.

याचा अर्थ तुमच्या घरात ज्याचं नावच निघालं नाही असा तिसरा पर्याय आहे. सध्या गोळ्या वाढवून बघणं. त्यांना बीटा ब्लॉकर (हृदयाचा वेग कमी ठेवणारी गोळी) चालू आहे का, त्याचा डोस पुरेसा आहे का, नायट्रेट किंवा छातीच्या दाबाची दुसरी गोळी दिलीय का, जिभेखालची गोळी खिशात असते का? (ती बसून घ्यायची असते, उभ्यानं घेतली तर चक्कर येते.) दाब आल्यावर थांबायचं, हे अप्पा करतातच.

अप्पा माझे वडील असते तर मी काय केलं असतं, असं तुम्ही लिहून विचारलं नाहीत, पण प्रत्येक पत्रामागं तो प्रश्न असतोच. मी आधी हिमोग्लोबिन, लोह आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) तपासून घेतलं असतं आणि रक्त कुठून जातंय ते शोधलं असतं. कार्डिओलॉजिस्टना सगळं सांगून काही आठवडे गोळ्या आणि लोहाचे उपचार एकत्र चालवले असते. तरीही जिन्यावर दाब येत राहिला असता तर औषधाच्या बलूनला मी विनासंकोच होकार दिला असता, गरज पडलीच तर म्हणून स्टेंटची तयारी हाताशी ठेवून. तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेली वाट मला त्या शाखेसाठी योग्य वाटते. फिल्म त्यांनी पाहिलीय, मी पाहिलेली नाही, म्हणून शेवटचा शब्द त्यांचा.

थांबायचं कधी नाही, तेही ठळकपणे सांगते. दाब बसल्या जागी यायला लागला, थोड्याशा चालण्यानं किंवा रात्री झोपेतून उठवून यायला लागला, वारंवार यायला लागला, किंवा थांबूनही नेहमीच्या चार-पाच मिनिटांत ओसरला नाही, घाम फुटला, तर दोन आठवडे वगैरे सगळं विसरायचं. १०८ ला फोन करायचा. मोटारसायकलवर मध्ये बसवून न्यायचं नाही.

पैशाचं थोडक्यात. औषधाचा बलून म्हणजे स्वस्तातला सौदा नव्हे, बऱ्याचदा त्याची किंमत स्टेंटच्या जवळपास जाते. त्यामुळे 'मुलीनं स्वस्तात उरकलं' ही भीती मनातून काढून टाका. आणि 'इम्पोर्टेड'चं म्हणाल तर केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली. तेव्हा औषधी स्टेंटसाठी ती २९,६०० रुपये होती, पुढे वेळोवेळी बदलत गेली, पण देशी-परदेशी दोन्हींना एकच आहे. सुरतच्या कंपनीचा सुप्राफ्लेक्स स्टेंट युरोपातल्या पेशंटमध्ये नावाजलेल्या परदेशी स्टेंटच्या तोडीस तोड ठरल्याचं २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलंय. बिलावर स्टेंटचं नाव, कंपनी, बॅच नंबर आणि किंमत वेगळी लिहून मागा, तो तुमचा हक्क आहे. बलून, वायर, कॅथेटर यांचा खर्च वेगळा लागतो, तो आधी लेखी घ्या. रेशनकार्ड असेल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं आणि औषधाचा बलून त्यात येतो का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला प्रत्यक्ष भेटून विचारा. फोनवर नको.

आणि या सगळ्यात अप्पा कुठे आहेत? पुण्यातल्या भावानं मत दिलं, काकांनी दिलं, आईनं दिलं, तुम्ही मला पत्र लिहिलंत. ज्यांची नळी आहे त्यांना 'किरकोळ आहे' एवढंच माहीत. तुम्ही त्यांना त्रास नको म्हणून हे केलंत, मला कळतं. पण चाळीस वर्षं साचे सांभाळलेला माणूस आहे तो. कारखान्यात कुठला आवाज बिघडलाय हे त्यांना लांबून कळत असणार, घरातली कुजबुजही कळत असेल. त्यांच्याजवळ बसा आणि सरळ सांगा. त्यांना समजेल अशा भाषेत सांगायचं तर, तुटलेल्या एका धाग्याला गाठ मारली म्हणजे सगळा ताणा नवा होत नाही. फुगा काय किंवा स्टेंट काय, ती एका जागेची गाठ आहे. बाकीच्या नळ्यांचा ताणा रोजच्या गोळ्यांवर टिकतो. कोलेस्टेरॉलची गोळी रोज हवी आणि वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे रिपोर्टमधलं एलडीएल, ५५ च्या खाली हवं. साखर आटोक्यात हवी. तंबाखू-मशेरी असेल तर ती पूर्ण बंद, 'जेवणानंतर एक चिमूट' हीसुद्धा. पत्रात तुम्ही याबद्दल काहीच लिहिलं नाहीत, म्हणून मी विचारतेय. भाकरी आणि शेंगाचटणी खाऊ देत, फक्त चटणीवरचं तेल आणि मीठ जरा हात राखून. चालणं बंद करू नका. सकाळी ऊन चढायच्या आत कंबर तलावाच्या बाजूनं, दाब येणार नाही इतक्या वेगानं, बरोबर कुणीतरी घेऊन.

मग त्यांना विचारा की त्यांना काय करायचंय. माझा अंदाज आहे, ते म्हणतील, पुढच्या संक्रांतीला नंदीध्वजांबरोबर अडुसष्ट लिंगांची वाट पुरी चालायची आहे, यंदा निम्म्यातून फिरलो. हे त्यांनी म्हटलं तर ते तसंच कार्डिओलॉजिस्टना सांगा. 'ब्लॉकेज काढायचंय का' यापेक्षा 'जानेवारीत एवढं चालायचंय' हे ऐकलं की डॉक्टरांनाही ठरवायला सोपं जातं: गोळ्यांवर ते जमेल का, बलून कधी करावा, दोन गोळ्यांची जोडी संक्रांतीच्या आधी संपेल का.

दोन आठवड्यांतले किती दिवस गेले ते तुम्ही लिहिलं नाहीत. उद्या सकाळी अप्पांना उपाशीपोटी घेऊन लॅबमध्ये जा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), क्रिएटिनिन, तीन महिन्यांची साखर आणि कोलेस्टेरॉल, सगळं एकाच सुईत होईल. कागद हातात आला की आधी कार्डिओलॉजिस्टकडे जा, आणि खुर्चीत बसल्या बसल्या मूळव्याधीचं सांगा.